पाण्यात बसून राहणारा साप

मित्रहो, सापांवरचे व्याख्यान म्हटले की लोक विषाच्या गोष्टी ऐकायला येतात, याची मला कल्पना आहे. तरीही आजचा विषय एका बिनविषारी सापाचा आणि त्याच्या पाण्याच्या भांड्याचा आहे, आणि तो मी हट्टाने निवडला आहे. नाग, धामण, दिवड किंवा आपला भारतीय अजगर घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे या सभागृहाला नव्याने सांगायला नको. मी बोलणार आहे ते रीतसर नोंदणी करून पेटीत पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथन या परदेशी अजगराबद्दल. हा साप कधी कधी दिवसचे दिवस पाण्यात वेटोळे घालून पडून राहतो, फक्त नाकपुड्या वर ठेवतो, आणि घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, “त्याला पाणी फार आवडतं.” माझा सगळा विरोध या एका वाक्याला आहे. पाणी त्याला का आवडले हे विचारण्याआधी, पेटीतली बाकीची जागा त्याला का नकोशी झाली, हे विचारले पाहिजे.

हा साप घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या गवताळ मुलखातला. दिवसा तो उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. बिळातली हवा दमट असते आणि तापमान फारसे हलत नाही. आपल्या भातखाचरातली दिवड मासे-बेडकांवर जगते, पाण्यात असणे हा तिचा धर्मच आहे. आपला अजगरही पाणवठ्याच्या आसपास राहतो आणि उत्तम पोहतो. बॉल पायथन तसा नाही. तो पाणी पितो, प्रसंगी पाण्यात उतरतोही, पण तासन्‌तास भिजत राहणे ही त्याची रोजची रीत नव्हे. आपल्याकडची म्हैस भर उन्हात डबक्यात का बसते, हे खेड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते: अंगाची काहिली थांबते आणि चावणाऱ्या माश्यांपासून सुटका होते. सापाच्या बाबतीत मात्र आपण हेच साधे कारण सोडून त्याच्या आवडीनिवडी शोधत बसतो.

सापाच्या तोंडाशी पातळ पदार्थ दिसला की त्यातून त्याच्या मनातले भाव वाचण्याची आपली सवय जुनी आहे. नागपंचमीला दूध पिणारा नाग भक्तीने प्रसन्न झालेला नसतो. त्याला आधी अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते आणि तहानेने तो समोर येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही आणि श्वासमार्गात गेले तर जीवही घेते. मुका जीव जे करतो त्याला आपण आपल्या सोयीचा अर्थ लावतो, आणि त्याची किंमत तो जीव मोजतो, म्हणून हे मला इतके टोचते.

आमच्या दवाखान्यात आलेल्या एका मादीची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळे आले आहे. ती सतत पाण्यात बसू लागली, तेव्हा घरच्यांनी ज्याच्याकडून ती घेतली होती त्याला फोन केला. “पाण्याची शौकीन आहे, मोठा टब द्या,” असे उत्तर मिळाले. त्यांनी टब दिला, रोज पाणी बदलले, तळाशी साचणारे काळे कण माती समजून ओतून टाकले. तिने खाणे सोडल्यावर ते तिला घेऊन आले. मी तिच्या अंगावरून ओला पांढरा टिशूपेपर फिरवला आणि त्यावर खसखशीच्या दाण्याहून लहान, काळपट ठिपके चालू लागले. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत, ओठांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांत ते दाटीने बसले होते. हे माइट्स, गोचिडांच्या नात्यातले, सापाचे रक्त पिणारे. पाण्यात काही बुडतात, पण नाक वर ठेवावेच लागते म्हणून उरलेले डोक्याकडे सरकतात. शिवाय त्यांची अंडी सापावर नसतातच. ती पेटीच्या सांध्यांत आणि अंथरलेल्या भुशात असतात. म्हणजे तो मोठा टब तिला घटकाभर दिलासा देत होता आणि पेटीत नवी पिढी तयार होत होती. सतत ओले राहून तिच्या पोटाच्या खवल्यांना फोड आले होते, ते वेगळेच. तिच्यावर औषधोपचार केले, भुसा आणि लाकूड फेकून दिले, पेटी धुऊन नुसता कागद अंथरला, आणि हे सगळे अनेक आठवडे चालवावे लागले. ती वाचली, पण सापाला न पाहता दिलेल्या त्या सल्ल्याचा मला आजही संताप येतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा साप पाण्यात बसून राहण्याची कारणे कोणत्या क्रमाने तपासायची, ते आता घाईने सांगतो. सर्वात आधी माइट्स आहेत का ते पाहा, ओल्या पांढऱ्या टिशूपेपरने, आजच. त्यानंतर तापमान. सापाला घाम येत नाही, थंड जागेकडे सरकणे एवढाच उपाय त्याच्या हाती असतो. पेटीची थंड बाजूही तापली असेल तर उरते ते पाणी. उबदार बाजू साधारण 31 ते 32 अंश, थंड बाजू 25 ते 26 अंश असावी, आणि हीटमॅट, म्हणजे पेटी तापवणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नये.

तिसरी गोष्ट दमटपणा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते, त्यात एसी आणि वर जाळीचे झाकण. बॉल पायथनला सुमारे 60 टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना त्याहून जास्त. मोजमाप साप असतो तिथे, म्हणजे तळाशी घ्यावे. डोळे निळसर-धुरकट दिसत असतील तर तो कातीवर आला आहे. ओले शेवाळ घातलेली बंद खोपी द्या, बहुतेक वेळा तो पाणी सोडून तिच्यात जाईल. पेटीत लपायला जागाच नसेल तर भांड्याच्या कडेआडचा आडोसा म्हणूनही तो पाण्यात बसतो. अंडी धरलेली मादीही पाण्यात बसते, तेव्हा नराबरोबर ठेवली होती का हे आठवा.

यातले काहीच सापडले नाही आणि साप तरीही पाण्यातच असेल, खात नसेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे जा, आणि जाताना पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान लिहून न्या, भांड्यातले पाणी ओतून न टाकता बाटलीत भरून न्या.