आईच्या चेहऱ्याकडे बघून

(मैदान. घसरगुंडीपाशी पडलेलं दोन वर्षांचं मूल. मंद गती.)

गुडघ्याला माती लागलीय, पण रडू अजून फुटलेलं नाही. आधी मान वळते, डोळे आईला शोधतात. किती लागलंय, हे ठरायचंय तिच्या तोंडाकडे बघून.

आई बाकावरून अर्धी उठलीय. थांबते. खांदे बघा, हळूच खाली येतात. "पडलास? ऊठ बरं."

आणि स्वारी पुन्हा शिडीवर.

(काचेचं टेबल. चौकड्यांचं कापड.)

ही मांडणी उभी करण्यात आमचा अख्खा दिवस गेला, तेव्हा जरा निवांत बघू. अर्ध्या भागात कापड काचेला चिकटलेलं, उरलेल्या भागात खाली गेलेलं. बाळाला वाटतं, पुढे खड्डा आहे. मानसशास्त्रज्ञ गिब्सन आणि वॉक यांचा हा मूळ प्रयोग 1960 सालचा, बाळांना खोलपणा कळतो का ते तपासणारा. 1985 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी खड्डा मुद्दाम 30 सेंटिमीटरच्या आसपास ठेवला. म्हणजे भ्यावं की नाही, अशा पेचात पाडणारा. पलीकडे आई. बोलायचं नाही, फक्त चेहरा.

आनंदी चेहरा पाहून वर्षाच्या 19 बाळांपैकी 14 काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा पाहून 17 पैकी एकही नाही.

(घर. संध्याकाळ. टीव्ही बंद होतो. मूल जमिनीवर आडवं.)

प्रयोगात चेहरा ठरवून करता येतो. घरी आतलं सगळं तोंडावर उमटतं. या आईने 'नाही' म्हटलंय. आता तिचा हात बघा, रिमोटकडे निघालेला. रडणं तिलाच सोसवत नाहीये. मूल हसलं तर ती चांगली आई, रडलं तर वाईट. तिचा सगळा तोल त्याच्या हाती.

मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी 1954 पासून अमेरिकेत रुग्णांना आणि त्यांच्या आयांना एकाच वॉर्डात राहायला आणलं. एकीची धास्ती दुसऱ्यात कशी उतरते, हे त्यांनी रोज जवळून पाहिलं. पुढे त्यांनी मांडलेली कल्पना म्हणजे 'डिफरन्शिएशन ऑफ सेल्फ': नातं न तोडता आपलं मन आपल्या ताब्यात असणं. याला कोरडेपणा म्हणणाऱ्यांनी मैदानातली ती आई पुन्हा पाहावी.

हात रोज रिमोटपर्यंत गेला, तर हट्ट वाढतो. काही मुलं उलट आईचा मूड सांभाळत अकाली शहाणी होतात.

बाबा? आमच्या चित्रणात ते दोनदाच दिसतात, तेही पाठमोरे.

(तीच आई. हात रिमोटवर. मागे घेते. जमिनीवर बसते.)

"हो, राग आलाय तुला. टीव्ही मात्र आता नाही."

रडणं वाढतं. कॅमेरा चार मिनिटं चालू होता. आम्ही काही कापलेलं नाही.

(निवेदन नाही. रडणं, मग हुंदके. मूल सरकत तिच्या मांडीपर्यंत येतं.)