इंजिन बंद करा, मग उतार बघा

(दृश्य: बर्फाळ डोंगरउतार. लांबून इंजिनची घरघर.)

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हेलस्टोक. १३ मार्च २०१० रोजी इथल्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाले (बर्फावर धावणाऱ्या इंजिनच्या गाड्या चालवणारे) जमले असताना हिमस्खलन झालं. दोघे दगावले, तीसेक जखमी झाले. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता.

आजही निघण्याआधी हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या ‘अ‍ॅव्हलांच कॅनडा’चा अंदाज बघायचा. पाचपैकी पातळी ३ म्हणजे निम्माच धोका, असं वाटतं आणि तिथंच घात होतो. त्या पातळीला माणसाच्या वजनानं उतारावरचा बर्फ सुटण्याची दाट शक्यता असते.

(दृश्य: इंजिन थांबतं. शांतता.)

आतला कमकुवत थर खचला की ‘धप्प’ असा दबका आवाज येतो. स्कीवाल्याला तो ऐकू येतो, स्नोमोबाईलवाल्याला नाही. म्हणून उताराची दिशा बदलली की सपाटीवर थांबा, इंजिन बंद करा, चार पावलं चाला. धप्प झालं, किंवा बर्फात तडा पळत गेला, तर माघारी फिरा. मग थर तपासायला खड्डा खणायचीही गरज नाही.

(दृश्य: खड्डा, अगदी जवळून.)

ही खूण नसेल तर त्याच दिशेचा छोटा, सुरक्षित उतार निवडा आणि खड्डा खणा. त्याच्या भिंतीत करवतीनं ३० बाय ३० सेंटिमीटरचा बर्फाचा खांब मोकळा करा. वर फावड्याचं पातं ठेवा. दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला तुटला, त्याहून कसा तुटला हे बघा. ड्रॉवरसारखी लादी (वरचा घट्ट थर) सरकन बाहेर आली तर वाईट. खाली बहुधा गाडलं गेलेलं दहिवर असतं: निरभ्र रात्री बर्फावर जमलेले पिसांसारखे स्फटिक. ते आठवडेच्या आठवडे टिकतं. खांब तुटला नाही, म्हणून मोठा उतार निर्धोक ठरत नाही. वाऱ्यानं थराची जाडी पावलागणिक बदलते.

(दृश्य: कोनमापक.)

बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांवर सुटतात. पायथ्याच्या सपाटीवरूनही वरचा उतार सुटू शकतो, तेव्हा जेवायला तिथं थांबू नका.

चढावर एका वेळी एकच यंत्र. ते अडकलं तर दुसऱ्यानं मदतीला वर जायचं नाही, मोह होतोच. ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ उपकरण) अंगावर, फोन त्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५०. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) पाठीवरच्या पिशवीत. यंत्राला बांधलेलं फावडं यंत्राबरोबरच गाडलं जातं.