जिन्याखालचं डेटा सेंटर

[दृश्य: अरुंद बोळ. दार उघडतं. पंख्यांची घरघर.]

आधी हा आवाज ऐका. आत माणूस नाही. एक रॅक, त्यात चार सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारे कॉम्प्युटर, आणि ते तापू नयेत म्हणून दिवसरात्र चालणारा एसी. हिरवे दिवे लुकलुकतायत, पण त्यावरून काम चाललंय असं समजू नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सर्व्हरची सरासरी ५ ते १५ टक्केच क्षमता वापरात होती. एसीला मात्र सुट्टी नव्हती.

अशा खोल्या साठल्या कशा? नवी योजना आली की तिचा निधी वेगळा. निधी वेगळा म्हणून सर्व्हर वेगळा, आणि सर्व्हर आला की त्याला खोलीही वेगळीच. शेजारच्या खात्याचा रॅक अर्धा रिकामा असेना का, आपली माहिती त्यांच्या कुलपात ठेवायची कुणाचीच तयारी नाही. १९९८ साली अमेरिकी सरकारची अशी ४३२ डेटा सेंटर होती. जुलै २०१० मध्ये मोजली, तर २,०९४.

त्याच वर्षी अमेरिकी सरकारचे तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी विवेक कुंद्रा यांनी ती एकत्र करायची मोहीम काढली.

[दृश्य: जमिनीवर पसरलेली मोजपट्टी]

ही पट्टी बघा. ५०० चौरस फूट. म्हणजे मुंबईतला बऱ्यापैकी वन बीएचके. खोली याहून मोठी असेल तरच ती डेटा सेंटर, असा सुरुवातीचा नियम. पुढच्याच वर्षी तो बदलला: खोली केवढीही असो, धरा. मग जिन्याखालच्या, कपाटामागच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या खोल्या बाहेर निघाल्या. कमी करायला घेतलेली यादी २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत १०,५८४ वर गेली! त्यातली ३,१२५ बंद झाली, पाच वर्षांत २८० कोटी डॉलर वाचले. तेही सांगायला हवं.

[दृश्य: उघडी फाइल, पानं उलटणारे हात]

२०१६ मध्ये दोन गट पाडले. स्वतंत्र खोली, यूपीएस, कूलिंग, जनरेटर असलेली केंद्रं एका गटात, उरलेली दुसऱ्यात. आणि २०१९ मध्ये या दुसऱ्या गटाचा हिशेब मागणंच थांबवलं. दोन हजारांवर खोल्या कागदावरून गेल्या. सरकारी कारभाराचं लेखापरीक्षण करणारी तिथली संस्था, जीएओ, हिनं हरकत घेतली.

[दृश्य: पुन्हा तीच खोली. सर्व्हरवर कॅमेरा जवळ.]

या सर्व्हरवर पिवळी चिठ्ठी आहे, कडा वळलेली. ‘बंद करू नये.’ कुणी लावली, हे इथं कुणालाच आठवत नाही.