शिशाची गोळी, लिव्हर रायफल आणि पीळ नेमका किती हवा

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये झालेलं व्याख्यान, थोडं आवरून टाइप केलंय)

तर मंडळी, वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलेले बरेच चेहरे दिसतायत, त्यामुळे एक बरंय, आट्यांचा पिच म्हणजे काय हे मला सांगत बसावं लागणार नाही. गोळी गरगर फिरत सरळ जावी म्हणून रायफलच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात, त्यांचंही तसंच सांगतात, 1:10 म्हणजे गोळी 10 इंच पुढे सरकली की तिचा एक फेरा झाला, 1:38 म्हणजे त्याच एका फेऱ्याला 38 इंच लागले. आकडा मोठा तेवढा पीळ सावकाश, इथे नवा माणूस हमखास उलटं समजतो.

माझा मुलगा टेक्सासला असतो, त्याचा शेजारी घरीच शिसं ओतून गोळ्या बनवतो, तिकडे चालतं ते. त्याच्याकडे .44 मॅग्नम काडतुसाची, मार्लिन कंपनीची 1894 मॉडेलची जुनी रायफल आहे, ट्रिगरखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायची ती लिव्हर रायफल. 240 ग्रेनची म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी 50 यार्डांवर छान एकत्र बसायची, आणि 300 ग्रेनची घातली की कागदावर गोल भोकाच्या जागी लांबट भोक, म्हणजे गोळी आडवी होऊन गेलेली. पठ्ठ्या कधी काडतुसातली दारू बदलतोय कधी शिशाचं मिश्रण बदलतोय, आणि बंदुकीचा पीळ 1:38!

हा पीळ आला कुठून? जुन्या .44-40 काडतुसाच्या जमान्यातून, तेव्हा काळी दारू आणि 200 ग्रेनची बुटकी गोळी, तिला सावकाश पीळ पुरायचा. पुढे मॅग्नम आलं, गोळ्या लांब झाल्या, पीळ मात्र तोच राहिला. रुगर या बंदूक कंपनीने 2020 मध्ये मार्लिन कंपनी घेतली आणि नंतरच्या .44 मध्ये पीळ 1:20 केला, माझ्या मते फार आधी व्हायला हवं होतं हे.

सगळे वजन बघतात, बघायची असते लांबी. 1879 मध्ये वूलिचच्या लष्करी अकादमीतल्या जॉर्ज ग्रीनहिलने सोपं सूत्र दिलं, व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले लांबी, सगळं इंचात, येईल तो पिळाचा आकडा. .44 चा व्यास 0.43 धरा. गोळी 0.7 इंच लांब असेल तर उत्तर येतं साधारण 40, म्हणजे 1:38 चालेल, जेमतेम. तीच 0.8 इंच झाली की उत्तर 35 च्या खाली, संपलं. आणि लायनोटाइपसारख्या, म्हणजे छपाईच्या खिळ्यांच्या, हलक्या मिश्रणात ओतली तर त्याच वजनाला गोळी आणखी लांब होते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

मग सगळीकडे जोरात पीळ द्या की, असं आत्ता मागून कोणीतरी म्हणालं. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला चाललं असतं, शिशाचं तसं नसतं. .30-30 काडतूस घ्या, विंचेस्टर 94 मध्ये पीळ 1:12, जुन्या मार्लिन 336 मध्ये 1:10. सेकंदाला 2000 फूट वेग असेल तर 720 ने गुणून पिळाच्या आकड्याने भागा, विंचेस्टरमध्ये मिनिटाला 1,20,000 फेरे आणि मार्लिनमध्ये 1,44,000. ओतताना गोळीत बारीकशी पोकळी राहिली असेल तर काय होईल? पात वाकलेला पंखा एक नंबरवर गुपचूप फिरतो आणि पाचवर गदागदा हलतो ना, तसं. म्हणून 1:10 वाले वेग 1600 वर आणतात, फेरे 1,15,000 च्या आसपास येतात, ग्रुप म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका आवळतो. कडक मिश्रण, बुडाला तांब्याची चकती म्हणजे गॅस चेक, आणि गोळी नळीच्या ग्रूव्हपेक्षा, म्हणजे पिळाच्या खाचांच्या व्यासापेक्षा, एक-दोन हजारांश इंच जाड ठेवायची, नाहीतर मऊ शिसं पीळ पकडायच्या आधी सरळच घसरतं. मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळीत खाचा उथळ असतात, तिथे तर हे फारच सांभाळावं लागतं.

मात्र प्रत्येक खापर पिळावर फोडू नका हं. लिव्हर रायफलीत बॅरलखाली मॅगझिनची नळी बांधलेली असते, तिचे बँड कमीजास्त आवळले तरी ग्रुप सरकतो. त्या नळीत काडतुसं एकामागे एक असतात, पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या पेटवणाऱ्या टिकलीला, मागच्याचं टोक टेकतं, टोकदार असेल तर धक्क्याने ती उडू शकते, म्हणून गोळीचं नाक चपटं लागतं.

पीळ मोजायचा कसा? क्लीनिंग रॉडला घट्ट कपडा, रॉड मुठीत मोकळा फिरणारा हवा. आत थोडा गेला की रॉडवर पट्टी चिकटवून वरच्या बाजूला खूण करायची, मग हळूहळू ढकलायचा. 20 इंची नळीत 1:38 चा पूर्ण फेरा होतच नाही, म्हणून खूण पाव फेरा फिरून बरोबर बाजूला आली की थांबायचं, तेवढं अंतर मोजायचं आणि चौपट करायचं.

एक ताई विचारतायत, ठाण्यात बसून याचा उपयोग काय. घरी गोळ्या ओतायच्या नाहीत हे आधी सांगतो, 1959 चा शस्त्र कायदा आहे, दारूगोळा बनवायला परवाना लागतो. पण तुमची मुलं वरळीला रेंजवर .22 मारतात ना, त्यातली 40 ग्रेनची गोळीसुद्धा शिशाचीच. व्यास 0.223, लांबी साधारण 0.46, घाला सूत्रात. 16 च्या जवळ येतं, आणि .22 रायफलीचा नेहमीचा पीळ 1:16 च असतो.