प्लुटोची आंबापोळी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या अंगणात काकी आंबापोळीची ताटं उन्हात मांडत होती. कुणी साटं म्हणतं, आम्ही पोळी म्हणतो. आदल्या दिवशी ओतलेला रस अजून केशरी होता, कडेला जरासा तांबूस. तीन दिवस ऊन खाल्लेलं ताट मात्र चांगलंच विटकरी झालं होतं. मी पायरीवर बसून मोबाइलवर एक फोटो बघत होतो. काकीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही कुणाची रे पोळी? मधे कच्चीच राहिलीय."

फोटो प्लुटोचा होता. आणि काकीचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं.

तो काढणारं 'न्यू होरायझन्स' हे यान 19 जानेवारी 2006 ला निघालं आणि 14 जुलै 2015 ला प्लुटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं. इकडे तेव्हा धोंड्याचा महिना चालू होता. यान निघालं तेव्हा प्लुटो ग्रह होता. वाटेत असतानाच, ऑगस्ट 2006 मध्ये, त्याला बटुग्रह ठरवलं गेलं. त्या वादात मी शिरत नाही. मला रंगांबद्दल बोलायचंय.

लाल रंग म्हटला की आपल्या डोळ्यापुढे जांभा दगड येतो. जांभा लाल असतो तो त्यातल्या लोखंडामुळे. मंगळाची लालीही लोखंडाचीच, म्हणजे मंगळ आपला सोयरा म्हणायचा. पण प्लुटोच्या विषुववृत्ताजवळ जे गडद तांबडे-तपकिरी पट्टे आहेत, त्यांचा लोखंडाशी संबंध नाही. तिथे मिथेन आहे, नायट्रोजन आहे. सूर्याची अतिनील किरणं आणि अवकाशातून येणारे कण त्यांच्यावर आदळत राहतात, रेणू तुटतात, तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून मोठे, गुंतागुंतीचे रेणू बनतात. हा चिकट तांबूस माल म्हणजे थोलिन. आंबापोळीचं रसायन वेगळं, हे कबूल. पण पांढऱ्या-पिवळ्या वस्तूला ऊन लागून लागून ती तांबडी होते, एवढं दोन्हीकडे खरं आहे.

थोलिन हा शब्द 1979 साली कार्ल सेगन आणि बिशुन खरे या दोघांनी दिला. खरे मूळचे वाराणसीचे. प्रयोगशाळेत वायूंच्या मिश्रणाला ऊर्जा दिली की भांड्याच्या काचेवर तपकिरी थर धरायचा, त्याला नाव हवं होतं. त्यांनी ग्रीक शब्द घेतला, अर्थ 'गढूळ'. मृगाच्या पहिल्या सरींनंतर आपल्या रत्नागिरीच्या काजळी नदीचं पाणी आठवा, म्हणजे नाव पटेल.

आता तो मधला 'कच्चा' भाग. प्लुटोवरच्या बदामाच्या आकाराच्या प्रसिद्ध फिकट डागाचा डावा अर्धा भाग म्हणजे स्पुटनिक मैदान, सुमारे हजार किलोमीटर रुंद, बहुतांशी गोठलेल्या नायट्रोजनचं. ते फिकट का राहिलं? कढईत रस आटवताना डाव फिरता ठेवला की वर साय धरत नाही, हे इथल्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. तिथेही प्लुटोच्या पोटातल्या मंद उष्णतेनं खालचा बर्फ वर येतो, वरचा खाली जातो. अतिशय सावकाश, पण एवढ्यानं पृष्ठभाग दर काही लाख वर्षांत नवा होतो. रंग चढायला सवडच मिळत नाही.

शेजारचा शेरॉन हा चंद्र मूळचा राखाडी, पण त्याच्या उत्तर ध्रुवावर लालसर डाग आहे. हा रंग शेजाऱ्याकडून आलेला. प्लुटोवरून निसटलेला मिथेन शेरॉनच्या ध्रुवावर शंभराहून अधिक वर्षांच्या काळोख्या हिवाळ्यात गोठतो आणि तिथे तांबडा होतो. एकाच्या चुलीच्या धुरानं दुसऱ्याची भिंत रंगावी, तसं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मोबाइलवर प्लुटोचा दुसराही एक फोटो फिरतो, लाल-निळा-पिवळा झगमगीत; डोळ्यांना प्लुटो तसा दिसला नसता. यानाचा सर्वांत तीक्ष्ण कॅमेरा चक्क काळा-पांढरा होता. रंग टिपणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याला निळा, लाल आणि अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) असे फिल्टर होते, शिवाय मिथेनसाठी एक वेगळा. हिरवा नव्हताच! झगमगीत फोटोत अवरक्त, लाल आणि निळ्या चित्रांना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग दिलाय, बर्फाबर्फातला फरक उठून दिसावा म्हणून. ती फसवणूक नाही, पण त्याखाली तसं लिहायला हवं, आणि पुढे पाठवणारे ते लिहीत नाहीत. खरा प्लुटो मळकट पिवळसर-तपकिरी. काकीनं पाहिला तो फोटो खऱ्या रंगांच्या जवळचा होता.

प्लुटोवर भर दुपारी किती उजेड असेल? आपल्या उन्हाच्या साधारण हजारावा भाग, तरीही पौर्णिमेच्या चांदण्याहून कितीतरी पट जास्त. तो बघायला लांब जायला नको. आज आकाश मोकळं असेल तर भाट्याच्या किनाऱ्यावर जा. सूर्य बुडाला की लगेच निघू नका. काही मिनिटांनी एक क्षण असा येतो, जेव्हा आपल्याकडचा संधिप्रकाश आणि प्लुटोवरची दुपार सारखीच असते. त्या उजेडात जवळच्या जांभ्याच्या गडग्याकडे बघा, आणि तो अजून लाल दिसतो का ते पाहा.

नमस्कार.