टाके निघाल्यावर

(दृश्य: डायलिसिस वॉर्ड. मशीनचं फिरतं चाक, रक्ताच्या नळ्या.)

हे चाक फिरतंय तोवर रक्त फिरतंय. हातातून निघतं, त्या उभ्या नळकांड्यातून जातं आणि परत हातात येतं. नळकांड्यात केसाएवढ्या हजारो पोकळ नळ्या आहेत. आतून रक्त वाहतं, बाहेरून क्षारांचं पाणी. किडनी जे काम रात्रंदिवस करते, ते इथे चार तासांत उरकायचं असतं, आठवड्यातून दोनदा, तीनदा. एका वेळेला शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं. खाटेवरच्या माणसाला मात्र प्यायचं पाणी मोजून. मे महिन्यातही, खानदेशातही.

(दृश्य: हाताचा क्लोज-अप.)

ही फुगलेली शीर म्हणजे फिस्टुला. धमनीला शीर जोडून केलेली. बोट ठेवलं की आतली थरथर लागते. रोज उठल्यावर रुग्ण आधी तीच तपासतात.

(दृश्य: रावेर. केळीची बाग, घडांनी भरत असलेला ट्रक.)

केळ्यात पोटॅशियम भरपूर. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. त्यामुळे ट्रकच्या ट्रक केळी पाठवणाऱ्या या भागात डायलिसिसवरच्या शेतकऱ्याला स्वतःच्या बागेतलं केळं वर्ज्य आहे.

(दृश्य: पारोळा तालुका. कपाशीचं शेत, मायलेक.)

हे दोघं मायलेक. कोरडवाहू जमीन, वर कपाशी. आईनं मुलाला किडनी दिली. नावं घेऊ नका म्हणाले. घरात बहिणीचं लग्न जमायचं आहे.

(दृश्य: प्लास्टिकच्या पिशवीतून निघणारे कागद, एकामागून एक.)

सख्खी आई असली तरी कायद्यापुढे नातं सिद्ध करावं लागतं. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ सालचा. अवयवांचा बाजार होऊ नये म्हणून केलेला. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. हे कडक असायलाच हवं, गरिबाचीच किडनी विकली जाते. पण त्यासाठी या माउलीला किती दारं झिजवावी लागली ते या पिशवीत दिसतं. रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा. एका कागदावर नाव माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर स्पेलिंग वेगळं. ग्रामपंचायत झाली, तहसील झालं. मग रक्तगट, ऊतींची जुळणी, क्रॉसमॅच. शेवटी त्यांना एकटीला बसवून विचारलं, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना? त्यांनी दिलेलं उत्तर आम्हाला पुन्हा ऐकवलं: "पोऱ्या मना शे. जबरदस्ती कोन करी?" म्हणजे, पोरगा माझा आहे, जबरदस्ती कोण करणार?

(दृश्य: योजनेच्या खिडकीपुढची रांग.)

ऑपरेशनचा खर्च योजनेतून निघाला. इथे शासनाचं श्रेय शासनाला द्यायला हवं. २०१२ साली ही योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं धुळे होतं. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी, आता महात्मा फुले जन आरोग्य योजना. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाख होती, ती २०२३ च्या निर्णयात साडेचार लाख झाली.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. गोळ्यांचा डबा.)

नवी किडनी आईची असली तरी शरीराला ती परकीच. शरीर तिच्यावर चाल करून जातं. ते थोपवायला टॅक्रोलिमस, दर बारा तासांनी. जोडीला मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड. किडनी आहे तोवर गोळ्या आहेत.

(दृश्य: पहाटेची एसटी. खिडकीशी तरुण, शर्टाच्या खिशात गोळी.)

आज त्याची लेव्हल आहे. रक्तात टॅक्रोलिमस किती उरलं ते मोजायचं, म्हणून सकाळची गोळी रक्त देईपर्यंत घ्यायची नाही. प्रमाण कमी पडलं तर किडनी नाकारली जाते, जास्त झालं तर तेच औषध किडनीला मारतं. म्हणून तो गोळी खिशात घेऊन जळगावला निघालाय. एसटी रेंगाळली की गोळीची वेळ टळते.

(दृश्य: औषध दुकानाचं बिल.)

सालदार म्हणजे वर्षाचा गडी ठेवायला आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, जसा वर्षाचा आकडा ठरतो, तसा या घरात आता गोळ्यांचा आकडा धरतात. योजनेचा हात जन्मभर पुरत नाही. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. या मायलेकांना ती आम्हीच पहिल्यांदा सांगितली.

आणि हिशेब तरी बघा. २०१६ च्या प्रधानमंत्री डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णाला डायलिसिस मोफत आहे, वर्षानुवर्षं. त्यातून सुटलेल्या माणसाच्या गोळ्यांपाशी मात्र हात आखडतो. अमेरिकेनं हीच चूक केली होती. पासष्टीच्या आतल्या बऱ्याच किडनी रुग्णांना सरकारी विम्यातून या गोळ्या छत्तीस महिनेच मिळत. २०२० मध्ये कायदा बदलला. १ जानेवारी २०२३ पासून, ज्यांना दुसरा विमा नाही त्यांच्यासाठी ती मुदत गेली.

गोळ्या दिवसाआड केल्या की किडनी जाते, आणि माणूस परत त्या चाकापाशी येतो.

(दृश्य: धुळे. मुंबई-आग्रा महामार्ग, रात्रीची वाहनं.)

ज्याच्या घरात देणारं कुणी नाही, त्याला मेंदूमृत दात्याची वाट बघावी लागते. या रस्त्यांवर डोक्याला मार लागून रोज कुणी ना कुणी आयसीयूत येतं. त्याच प्रत्यारोपण कायद्याखालचे २०१४ चे नियम स्पष्ट आहेत: दात्याला अवयव काढेपर्यंत सांभाळणं, अवयव काढणं, जपणं, पोचवणं, यांतला कोणताही खर्च दात्याच्या कुटुंबावर पडता कामा नये. तो रुग्णानं, संस्थेनं किंवा सरकारनं उचलावा. आमचं मागणं पुढचं आहे: जिल्ह्याच्या ठिकाणी तो सरकारनंच उचलावा, आणि आगाऊ. बिल कोण भरणार हा प्रश्न मध्ये आला, की दवाखाना अवयव कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या समन्वय केंद्राला फोन करायला कचरतो.

(दृश्य: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची औषधखिडकी.)

जळगाव, धुळे, नंदुरबार. तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे खिडकी आहे. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येकाला तिथून दर महिन्याला गोळ्या मिळाव्यात, पिवळं कार्ड असो वा केशरी. लेव्हल तिथेच व्हावी. कंपनी वरचेवर बदलू नये. गोळी बदलली की लेव्हल हलते. आणि त्याच दिवशी, त्याच केसपेपरवर आईचाही रक्तदाब, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवी तपासावी. किडनी दिल्यापासून त्या एकाच किडनीवर आहेत, आणि त्यांना अजून कुणीही परत बोलावलेलं नाही.