तेरा वर्षांची राणी आणि नेल्सनबाई

१ ऑक्टोबर ८५६. पॅरिसच्या उत्तरेला व्हर्बरी इथे फ्रँक सम्राट शार्लमेनचा नातू, पश्चिम फ्रँकांचा राजा चार्ल्स द बाल्ड लेकीचं लग्न लावतोय. मुलगी ज्युडिथ, वय जास्तीत जास्त १३, कारण आईबापाचंच लग्न ८४२च्या डिसेंबरातलं. नवरा दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ, वयात आलेल्या मुलांचा बाप, रोमची यात्रा करून घरी निघालेला. आर्चबिशप हिंकमार मुलीला अभिषेक करतो, मुकुट घालतो, ज्युडिथ राणी होते. आणि गंमत म्हणजे वेसेक्समध्ये राजाच्या बायकोला राणी म्हणायची पद्धतच नव्हती!

आपण म्हणू, मोठ्या लोकांचा थाट, दुसरं काय. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या इतिहासकार जॅनेट नेल्सन (१९४२-२०२४) मात्र पीएचडीपासून असल्याच विधींच्या मागे लागलेल्या. त्यांनी त्या दिवशीच्या प्रार्थना ओळीने तपासल्या आणि मांडलं की यातला बराच मजकूर राजाच्या अभिषेकाच्या जुन्या इंग्लिश विधीतून उचललाय, फक्त राजाच्या जागी राणी. आता बापाच्या बाजूने बघा ना, पोरगी परमुलखात चाललीय, सावत्र मुलगा एथेलबाल्ड तिच्याहून मोठा आणि वडील रोमला गेलेले बघून बंड करून बसलेला, मग जावयाकडून तिचं पद आधीच पक्कं करून घेतलं, एवढा साधा व्यवहार.

राण्यांकडे नेल्सनबाई अशाच बघायच्या, देवी नाही की कैकेयी नाही. १९७८च्या लेखात त्यांनी आणखी जुन्या दोन फ्रँक राण्या, ब्रुनहिल्ड आणि बाल्थिल्ड, घेतल्या. बाल्थिल्ड तर इंग्लंडहून आणलेली गुलाम मुलगी, राजाची बायको झाली, नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने राज्य चालवलं, बिशप नेमले, मठ काढले. खजिना, मुलं, चर्चमधली माणसं, जोर तिथून यायचा.

ज्युडिथचं पुढे? ८५८मध्ये एथेलवुल्फ गेला, तिने थेट त्याच एथेलबाल्डशी लग्न केलं, तोही ८६०मध्ये गेला. मग इंग्लंडमधली मालमत्ता विकून बाई माहेरी. बापाने सेनलिसला पहाऱ्यात ठेवली तर भावाच्या संमतीने बाल्डविन नावाच्या सरदाराबरोबर पळाली! हे सगळं ज्या सेंट बर्टिनच्या बखरीत (त्या काळची फ्रँक राज्याची वर्षवार नोंद) आहे ती १९९१मध्ये नेल्सनबाईंनीच इंग्रजीत आणली. चार्ल्सने बिशपांकडून दोघांना बहिष्कृत करवलं, शेवटी पोप मध्ये पडले आणि ८६३मध्ये रीतसर लग्न लागलं. त्यांच्या मुलाला पुढे बायको मिळाली ती आल्फ्रेड राजाची लेक, म्हणजे ज्युडिथच्याच सावत्र मुलाची!